ऐकणाऱ्याची जागा

१

वाङ्मयकृतीत कोण बोलतो आहे, हा प्रश्न समीक्षक नेहमी विचारतो. तो कोणाला उद्देशून बोलतो आहे, हा प्रश्न तो त्या मानाने क्वचित विचारतो. निवेदकाचा विचार आपण पुष्कळ केला. त्याचा दृष्टिकोन, त्याची विश्वसनीयता, त्याचे लेखकाशी असलेले नाते यांची चिकित्सा केली. ऐकणाऱ्याची जागा मात्र आपण वाचकाच्या नावे लिहून टाकली आणि प्रश्न सुटला असे मानले. प्रस्तुत लेखकाचाही समज असाच होता. तो ढळला तो एखाद्या ग्रंथाने नव्हे, तर एका विद्यार्थ्याच्या एका वाक्याने. आणि तेही वाङ्मयचर्चेला मुळीच अनुकूल नसलेल्या प्रसंगी.

मी कुम्हारीस राहतो. रायपूर आणि भिलाई यांच्यामध्ये, खारून नदीच्या पश्चिमेस, मुंबई–हावडा लोहमार्गावर हे गाव आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि देशाच्या इतर भागांतल्या माणसांबरोबर विदर्भातली अनेक मराठी कुटुंबेही ह्या पट्ट्यात येऊन स्थिरावली. पोलादाच्या पाठोपाठ शिक्षण आले. आज दुर्गपासून रायपूरपर्यंत लहानमोठी महाविद्यालये उभी आहेत, आणि विद्यार्थ्यांना खोली भाड्याने देणे हा अनेक घरांचा जोडधंदा झाला आहे.

आमच्या शेजारी असाच एक विद्यार्थी राहत असे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा. दोन महिने तो वर्गात गेला नव्हता. दिवसा झोपे, रात्री जागा राही. जेवणाचा डबा पुष्कळदा न उघडता परत जाई. घरून फोन आला की 'सगळं ठीक आहे' म्हणे. मला मात्र तो जिन्यात भेटला की म्हणे, 'काका, मन लागत नाही.' मी समीक्षक. मला उपाय सुचला तो माझ्या व्यवसायाला साजेसाच. मी त्याला 'कोसला' वाचावयास दिली. आठ दिवसांनी पुस्तक परत करताना तो म्हणाला, 'काका, पुस्तक चांगलं आहे. पण हा पांडुरंग हे सारं कोणाला सांगून राह्यला?'

'वाचकाला,' मी म्हणालो.

'म्हणजे कोणालाच नाही,' तो म्हणाला.

हे उत्तर अडाणीपणाचे आहे असे क्षणभर वाटले. मग लक्षात आले की त्यात एका कादंबरीविषयीचा खरा प्रश्न आहे, आणि एका मुलाविषयीचाही. पुढील विवेचन पहिल्या प्रश्नाचे आहे. परंतु दुसऱ्याला बाजूस सारून ते करता येईल असे मला वाटत नाही.

२

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकावयास येतो, वसतिगृहात राहतो, मेसच्या आणि संमेलनाच्या कारभारात पडतो, पैशांच्या घोळात सापडतो, परीक्षेत अपयशी होतो, वडिलांशी त्याचे बिनसते, धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, आणि अखेरीस तो गावी परततो. कथानक म्हणून सांगण्यासारखे एवढेच. कादंबरीची थोरवी आहे ती पंचवीस वर्षांच्या पांडुरंगाच्या बोलण्यात.

ह्या बोलण्यातले 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द मराठी वाचकाच्या कानात कायमचे बसले आहेत. त्यांचा विचार सामान्यतः उपरोधाचे साधन म्हणून होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांचे आणखी एक कार्य आहे. 'उदाहरणार्थ' म्हटले की स्वतःचे दुःख हे अनेकांतले एक, नमुन्यादाखल घेतलेले, असे भासवता येते. 'वगैरे' म्हटले की उरलेले न सांगता पुढे जाता येते. एका शब्दाने वेदना सर्वसामान्य होते, दुसऱ्याने ती अर्धीच राहते. समोर कोणी ऐकत नाही, किंवा ऐकणारा हसेल, ह्याची ज्याला खात्री आहे तोच असे बोलतो. मनीच्या मृत्यूच्या प्रकरणात हा थट्टेचा सूर टिकत नाही. तेथे भाषेचे कवच फुटते. मराठी गद्यातला तो एक अत्यंत उत्कट भाग आहे. आणि नेमक्या त्या ठिकाणीही पांडुरंगाच्या जवळ बसून ते ऐकणारे कोणी नाही.

वडील पैसे पाठवतात आणि हिशेब मागतात. प्राध्यापक वर्गात शिकवून निघून जातात. मित्र आहेत, पण तेही आपापल्या वाटेने पांगणारे. ज्या पुण्यात हा मुलगा रात्री-अपरात्री भटकतो त्याच पुण्यात येरवड्याचे मनोरुग्णालय तेव्हाही होते. परंतु वसतिगृहातली खोली आणि येरवडा यांच्या मध्ये तिसरी जागा नव्हती. एक तर तुम्ही ठीक असा, नाही तर वेडे. पांडुरंग दोन्ही नव्हता. त्यामुळे त्याला जाण्यासारखे ठिकाण उरले ते गाव.

समीक्षेने ह्या अवस्थेस नावे दिली: अस्तित्ववाद, परात्मता, बंडखोरी. ह्या नावांनी कादंबरीवरचा पुष्कळ प्रकाश उजळला हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यांनी एक गोष्ट सोपीही करून टाकली. दुःखाला तत्त्वज्ञानाचे नाव मिळाले की ते आदरणीय होते. आणि आदरणीय दुःखाची विचारपूस कोणी करीत नाही. पांडुरंगाला झोप का येत नाही, असे विचारणे समीक्षकाला खालच्या पातळीचे वाटू लागले. मी स्वतः अनेक वर्षे 'कोसला'वर बोलताना हा प्रश्न एकदाही विचारला नाही. आणि जिन्यात उभ्या असलेल्या मुलालाही तो विचारला नाही, हे त्याच सवयीचे फळ होय.

३

ह्यावर एक आक्षेप सहज येईल. एकाकीपणा हीच 'कोसला'ची कलात्मक अट आहे. तेथे ऐकणारा आणून बसवला तर कादंबरीचा आरोग्यविषयक पत्रक होण्यास कितीसा वेळ लागेल? आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा उदाहरणाने देणे बरे.

'कोसला'ची तुलना जे. डी. सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' ह्या १९५१ सालच्या कादंबरीशी वारंवार केली गेली आहे. साम्ये उघड आहेत. दोन्हींत शिक्षणसंस्थेत न रमलेला तरुण आहे, दोन्हींत मोठ्यांच्या जगातल्या ढोंगाचा तिटकारा आहे, दोन्हींत बोलीचा लकबीसह वापर आहे. दोन्हींच्या गाभ्याशी भावंडाचा मृत्यू आहे: तेथे होल्डनचा भाऊ अॅली, येथे मनी. परंतु एक भेद ह्या साम्यांहून अधिक बोलका आहे. होल्डन आपली हकीकत सांगतो ती उपचारासाठी ठेवलेल्या एका ठिकाणाहून, आणि अखेरीस त्याला प्रश्न विचारणाऱ्या एका मनोविश्लेषकाचा उल्लेख येतो. तो उल्लेख ओझरता आहे. होल्डनची त्या माणसावर विशेष श्रद्धाही दिसत नाही. कादंबरी त्याला बरे करून दाखवीत नाही. तरीही कादंबरीच्या कडेला एक खुर्ची मांडलेली आहे आणि तीवर कोणीतरी बसलेले आहे.

त्या खुर्चीने कादंबरीची कला उणावली असे कोणी म्हणणार नाही. उलट, होल्डनच्या बोलण्यातला सगळा आडपडदा त्या खुर्चीमुळे अधिक अर्थपूर्ण होतो. कारण ऐकणारा असूनही तो काय लपवतो, हे आपल्याला दिसते. म्हणजे ऐकणाऱ्याची उपस्थिती ही कलेला मारक नसते. ती कलेला आणखी एक ताण पुरवते. 'कोसला'त ही खुर्ची नाही, हा दोष नव्हे. १९६३ सालच्या पुण्यातल्या महाविद्यालयीन मुलापुढे ती नव्हती, आणि लेखकाने खोटी खुर्ची मांडली नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. दोष असेल तर तो आपला; कारण ती रिकामी आहे हे आपण सांगितले नाही.

४

कुम्हारीहून पश्चिमेस, भिलाई आणि दुर्ग मागे टाकून गेले की राजनांदगाव लागते. तेथल्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवीत होते. १९६४ साली त्यांचे निधन झाले. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मात्र मराठीतच लिहिले. एकाच घरातल्या ह्या दोन लेखकांनी आपल्या प्रश्नाला दोन निराळी उत्तरे दिली आहेत, म्हणून त्यांचा येथे विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

शरच्चंद्रांच्या 'क्षिप्रा' (१९५४) पासून सुरू होणाऱ्या कादंबरीत्रयीत बिशू नावाच्या संवेदनशील मुलाची वाढ आहे. त्याचे मन आतल्या आत कुढणारे आहे. परंतु लेखकाची श्रद्धा अशी की ह्या कोंडीतून सुटका जनसमूहाशी एकरूप होण्यात आहे. तिसऱ्या भागाचे 'जन हे वोळतु जेथे' हे नावच ती दिशा सांगते. उत्तर उदात्त आहे. परंतु समूह आपल्याला सामावून घेतो. तो आपले ऐकतोच असे नाही. मोर्चात चालणाऱ्या माणसाला रात्री खोलीवर परतावेच लागते.

गजानन मुक्तिबोधांच्या 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ह्या कथेत प्रश्न उलट बाजूने येतो. ज्ञानासाठी वणवण करणाऱ्या मुलाला एका ओसाड वास्तूत गुरू भेटतो. बारा वर्षे तो शिकतो. शेवटी कळते की गुरू हा ब्रह्मराक्षस आहे, आणि आपले ज्ञान योग्य शिष्याला न देता आल्यामुळे त्याला मुक्ती मिळालेली नव्हती. वेदना येथे विद्यार्थ्याची नसून शिक्षकाची आहे. ही कथा शिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. परंतु आज ती वाचताना एक विचित्र गोष्ट जाणवते. बारा वर्षांच्या त्या सहवासात सगळा प्रवाह गुरूकडून शिष्याकडे वाहतो. शिष्याने काय सांगावयाचे होते, हे कथेला ठाऊक नाही. देण्याची आस एवढी मोठी की ऐकण्याला अवकाश उरत नाही. ब्रह्मराक्षसाला मुक्त करणारा शिष्य मिळाला. शिष्याला ऐकणारा मिळाला की नाही, हा प्रश्न कथेबाहेरच राहिला.

गाव, जनसमूह, गुरुपरंपरा: आपल्या साहित्याने एकाकी तरुणाला हे तीन आश्रय देऊ केले. तिन्ही खरे आहेत, आणि तिन्हींमध्ये तरुणाने कोठेतरी *जावयाचे* आहे. त्याच्या खोलीत कोणी *यावे*, असे कोणाला सुचले नाही.

५

ते सुचले ते बऱ्याच काळानंतर, आणि कादंबरीत नव्हे, चित्रपटात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' ह्या चित्रपटास २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत्मनाशाच्या कडेवर पोचलेला एक तरुण आणि स्वतः नैराश्याच्या आजारातून वाट काढणारी जानकी यांची ती कथा आहे. जानकी त्याला कोकणकिनाऱ्यावरच्या आपल्या घरी आणते आणि त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करीत नाही. न विचारता थांबणे हे ऐकण्याचेच एक रूप आहे, हे ह्या चित्रपटाने दाखवले. मराठी कथात्म साहित्याला जी खुर्ची मांडता आली नव्हती ती येथे मांडली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि आपली तक्रार पूर्ण मिटत नाही. जानकी भेटते ती योगायोगाने. तिच्यापाशी घर आहे, सवड आहे, मदतीला माणसे आहेत. समुद्राकडे आपल्या पायांनी जाणाऱ्या कासवाच्या पिलांचे प्रतीक सुंदर आहे, पण ते थोडे अधिकच नीटनेटके आहे. जीवनात अंड्यांची राखण इतक्या निगुतीने होत नाही. ऐकणारा हा दैवयोगाने लाभणारा दयाळू माणूस असतो, अशी समजूत ह्या चित्रपटातून प्रेक्षक घेऊन जाऊ शकतो. ऐकणे हा एक व्यवसाय आहे, त्याचे शिक्षण असते, त्याला वेळापत्रक, मर्यादा आणि चुका असतात, हे त्याला कळावयाचे राहते. मराठीत हे सांगितले गेले ते प्रामुख्याने ललित साहित्याबाहेर. अल्बर्ट एलिसची उपचारपद्धती मराठी वाचकापर्यंत आणणारे कि. मो. फडके आणि १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ह्या व्यवसायाला मराठी शब्द दिले. समीक्षेने त्या गद्याकडे गद्य म्हणून अद्याप पुरेसे पाहिलेले नाही.

६

शब्दांचा विषय निघाला आहे तेव्हा अनुवादक म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. ह्या व्यवसायास आपण 'समुपदेशन' म्हणतो. शब्द रूढ झाला आहे आणि तो बदलता येणार नाही. परंतु त्याच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे. आणि त्या खोलीत जी एक गोष्ट करावयाची नसते ती हीच. मुलगा जाण्यास कचरतो त्याचे एक कारण हा शब्द असावा. उपदेश त्याला घरी, वर्गात, नातेवाइकांकडे भरपूर मिळालेला असतो.

दुसरे असे की 'मन लागत नाही' ह्या तीन शब्दांना आपल्यापाशी नेमका प्रतिशब्द नाही. 'नैराश्य' म्हटले की आशा संपल्याची भावना सूचित होते, आजार नव्हे. 'मनोरोग' म्हटले की माणूस घाबरून मागे फिरतो. 'विषाद' म्हटले की गीतेचा पहिला अध्याय आठवतो. हा शेवटचा शब्द विचार करण्यासारखा आहे. त्या अध्यायात अर्जुन बोलतो आणि कृष्ण जवळजवळ गप्प असतो. आणि परंपरेने त्या खचण्यालाही 'योग' म्हटले. परंतु पुढील सतरा अध्यायांतला उपदेश आपण जितका घोकला तितके पहिल्या अध्यायातले ते मौन आपण मनावर घेतले नाही.

शब्दांची ही चर्चा निव्वळ पंडिती नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांत मोठा, १,७६४ होता. कायद्याने ह्या बाबतीत वाङ्मयाच्या पुढे पाऊल टाकले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे गृहीत धरले की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो. त्याला शिक्षा नव्हे, साहाय्य द्यावयाचे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा मराठी-हिंदीसह अनेक भारतीय भाषांत सुरू झाली. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. म्हणजे खुर्ची मांडण्याचा आदेश निघाला आहे. तीवर बसणारा कोणत्या भाषेत ऐकेल, आणि समोरचा मुलगा कोणत्या भाषेत बोलेल, हे मात्र न्यायालय ठरवू शकत नाही. ते काम साहित्याचे आहे, आणि साहित्यातल्या भाषेची पारख करणाऱ्या समीक्षेचे आहे.

येथे दुसऱ्या टोकाचा धोकाही सांगितला पाहिजे. पूर्वी आपण आजाराला तत्त्वज्ञान म्हटले. आता प्रत्येक दुःखाला आजार म्हणण्याची घाई होऊ शकते. पांडुरंगाच्या रोगाचे निदान करीत बसणारी समीक्षा ही त्याला अस्तित्ववादी ठरवणाऱ्या समीक्षेइतकीच बहिरी असेल. बहिणीचा मृत्यू, नापास होणे, वडिलांचा हिशेब आणि जगाचा फोलपणा ह्या चार गोष्टी त्याच्या बोलण्यात एकत्र विणलेल्या आहेत. त्यांतला कोणता धागा वैद्याचा, कोणता विचारवंताचा आणि कोणता निव्वळ शेजाऱ्याचा, हे ओळखण्यासाठी आधी संपूर्ण ऐकावे लागते. 'वगैरे' म्हणून जे सोडले आहे ते ऐकावे लागते. चांगला समुपदेशक आणि चांगला वाचक यांच्यात काही समान असेल तर ते एवढेच. त्यापुढे दोघांची कामे निराळी आहेत, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

मी ती घेऊ पाहिली होती. ज्या मुलाने मला दोन महिने जिन्यात गाठून एकच वाक्य सांगितले त्याच्या हाती मी कादंबरी दिली. ती वाईट भेट होती असे नाही. कदाचित 'कोसला'मुळेच त्याला तो प्रश्न विचारता आला. परंतु पुस्तक हे ऐकू शकत नाही. त्या संध्याकाळी मी त्याला बसावयास सांगितले. तो पुष्कळ वेळ बोलला. त्यातले काही येथे सांगण्याचा मला अधिकार नाही. आम्ही १४४१६ क्रमांक फिरवला, घरी कळवले, आणि काही दिवसांनी त्याच्या वडिलांसह खारून ओलांडून टाटीबंधच्या एम्समध्ये गेलो. वडिलांनी बाकावर बसून त्याला प्रथमच विचारले, 'झोप का नाही लागत रे तुला?'

त्याचे एक वर्ष गेले. औषधे आणि भेटी चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. 'कोसला'विषयी आमचा वाद संपलेला नाही. पांडुरंग वाचकाला सांगतो, हे माझे उत्तर त्याने अजून मान्य केलेले नाही. मलाही ते आता पूर्वीइतके पुरेसे वाटत नाही.